वाचकांचे प्रश्न : जेरॉय सायमनच्या विक्रमाचे मोल

प्रश्न : माझा भाचा शिक्षणासाठी व्हँकुव्हरला आहे. तेथील बीसी लायन्स या कॅनेडियन फुटबॉल संघाचा जुना रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलून पुढे धावणारा खेळाडू) जेरॉय सायमन याचे तो फार कौतुक करतो. त्याचा अमेरिकन सहनिवासी मात्र म्हणतो, की ज्याला अमेरिकेच्या एनएफएल या फुटबॉल लीगने खेळवले नाही, त्याचे कॅनडातील विक्रम मोजायचे कशाला? यात खरे कोणाचे?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : सायमन मूळचा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचा, मेरीलँड विद्यापीठाकडून खेळलेला, आणि एनएफएलच्या नियमित हंगामातील एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही, एवढे त्या सहनिवाशाचे म्हणणे खरे आहे. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, कारण चेंडू झेलून सर्वाधिक यार्ड मिळवण्याचा विक्रम सायमनने ज्या कॅनेडियन फुटबॉलमध्ये केला, तो खेळच अमेरिकन फुटबॉलहून बराच निराळा आहे.

कॅनडातील मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद असते, संघात १२ खेळाडू असतात आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी अमेरिकेतल्या चारऐवजी तीनच संधी मिळतात. या संधीला ‘डाऊन’ म्हणतात. तिसऱ्या डाऊनला बहुतेक वेळा चेंडू लाथाडून प्रतिस्पर्ध्याकडे द्यावा लागतो, म्हणजे हाती खऱ्या अर्थाने दोनच संधी उरतात. पहिली वाया गेली की क्वार्टरबॅक (संघाची चाल चालवणारा खेळाडू) चेंडू फेकणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक असते, आणि तरीही रिसीव्हरला मोकळी जागा शोधून तो झेलावा लागतो. मैदान रुंद असल्याने आणि चेंडू खेळात येण्यापूर्वीच पुढे धावत सुटण्याची मुभा असल्याने रिसीव्हरला यार्ड मिळवणे काहीसे सोपे जाते, हे मी नाकारणार नाही. पण ही सवलत तेथील प्रत्येक रिसीव्हरला होती, आणि सर्वाधिक यार्ड सायमनच्याच नावावर आहेत.

शिवाय कॅनडाच्या सीएफएल या लीगमध्ये प्रत्येक संघाला ठरावीक संख्येने कॅनेडियन खेळाडू घ्यावेच लागतात. त्यामुळे अमेरिकेतून येणाऱ्यांसाठी जागा मोजक्या राहतात आणि त्या मिळवायला दरवर्षी नवे, तरुण, चपळ खेळाडू दाखल होतात. अशा ठिकाणी सायमन १९९९ पासून २०१३ पर्यंत टिकला : आधी विनिपेगकडून, मग बारा हंगाम बीसी लायन्सकडून आणि अखेरचा सस्कॅचेवनकडून. २००६ साली त्याने एकाच हंगामात १,८५६ यार्ड मिळवले, तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि संघाने लीगच्या विजेतेपदाचा ग्रे कपही जिंकला. २०१२ मध्ये त्याने मिल्ट स्टीगलचा १५,१५३ यार्डांचा विक्रम मागे टाकला आणि १६,३५२ यार्डांवर कारकीर्द संपवली. आपल्या अंदाजासाठी सांगतो, हे अंतर चर्चगेटपासून वांद्र्यापर्यंतच्या रेल्वेमार्गाहून थोडे अधिकच भरते, आणि ते त्याने एकेका झेलाने, अंगावर धडका घेत कापले.

मुंबईच्या क्रिकेटरसिकाला हे पटवून देण्याची गरज पडू नये. अमोल मुझुमदार यांनी प्रथम श्रेणी पदार्पणात २६० धावा केल्या, पुढे त्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांवर धावा जमवल्या आणि तरी भारताकडून त्यांना एकही सामना मिळाला नाही. त्या धावा कमअस्सल होत्या असे दादर-शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कोणी म्हणून पाहावे! २०२५ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा अनेकांना त्यांची जुनी कारकीर्द आठवली. मला ती त्याआधीही तितकीच मोठी वाटत होती.

आपल्या भाच्याला सायमनचा शेवटचा हंगामही पाहायला सांगावे. २०१३ च्या आरंभी, वयाच्या ३७ व्या वर्षी, लायन्सने त्याला सस्कॅचेवनकडे पाठवले. त्याच नोव्हेंबरमध्ये रेजायना येथे, नव्या संघाच्या घरच्या मैदानावर, ग्रे कपचा अंतिम सामना झाला. सस्कॅचेवनने हॅमिल्टनचा ४५–२३ असा पराभव केला आणि त्यातील दोन टचडाऊन (प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या क्षेत्रात चेंडू नेऊन मिळवलेले गुण) सायमनचे होते.