‘घट्ट झाली का गं?’

“मॅडम, एआय माझ्यापेक्षा छान लिहितं. मग माझं असं काय उरलं?”

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडून येतोय. विद्यार्थी विचारतात, चित्रकार विचारतात, निवृत्तीनंतर कविता करू लागलेलेही विचारतात. म्हणून एका तरुणीची गोष्ट तिच्या परवानगीनं, तपशील बदलून सांगते.

शाळेपासून लिहिणारी ही मुलगी. वडील गेल्यावर घरच्यांनी आठवणींची पुस्तिका काढायचं ठरवलं. तिनं एआयला माहिती दिली आणि लेख तयार झाला. सगळ्यांनी कौतुक केलं, पण त्यानंतर तिचं लिहिणंच थांबलं.

मी विवेकनिष्ठ विचारांच्या वाटेनं, म्हणजे मनातल्या हट्टी समजुती तपासून पाहत काम करते, त्यामुळे आधी तिच्या हट्टाकडे वळले. चांगलं लिहावंसं वाटणं ही इच्छा. सर्वांत चांगलं जमलं तरच लिहायचं, हा हट्ट. १९९७ मध्ये डीप ब्लू संगणकानं विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवलं, तरी माणसं बुद्धिबळ खेळतातच ना? ती म्हणाली, “कळतं मॅडम, पण वळत नाही.”

पुढे एकदा तिला तो लेख मोठ्यानं वाचायला सांगितला. प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय, कुटुंबाचा आधार. भाषा निर्दोष होती.

“हे दुसऱ्या कुणाचे वडील असू शकतात?”

“कुणाचेही.”

“मग तुझे कुठे आहेत?”

ती बराच वेळ गप्प होती. मी मध्ये बोलले नाही. मग अडखळत म्हणाली, “शाळेत जाताना बाबा माझ्या बुटांची नाडी बांधायचे. दोन गाठी. गाठीवर अंगठा दाबून वर बघायचे, ‘घट्ट झाली का गं?’ मी मुद्दाम ‘नाही’ म्हणायचे. म्हणजे अजून थोडा वेळ बसतील.”

ती रडली. थोड्या वेळानं म्हणाली, “हे मी एआयला सांगितलंच नव्हतं.” आणि लगेच, “पण मला तरी कुठे आठवत होतं?”

हे दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आपल्याला वाटतं, विचार आत तयार असतात, लिहिणं म्हणजे ते फक्त बाहेर काढणं. तसं नसतं. शब्द शोधताना जी चाचपड होते, तिच्यातच आठवण हाताला लागते. ती चाचपड यंत्रावर सोपवली की लेख मिळतो, नाडी मिळत नाही. आणि त्या छोट्या मुलीचं ते ‘नाही’ बघा. बाबा उठून जातील हे तिनं आधीच मनात पाहिलं आणि त्यावर युक्ती काढली. मला विचाराल तर माणसाची कल्पनाशक्ती इथून सुरू होते, कुणीतरी हवंसं वाटण्यातून.

आमच्या व्यवसायाची नक्कल तर १९६६ मध्येच झाली. जोसेफ वायझेनबॉम यांचा ‘एलायझा’ हा प्रोग्राम समोरच्याचीच वाक्यं फिरवून प्रश्न विचारायचा, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळं करायचे. त्या यंत्रात ऐकणारं कुणी नव्हतं. ऐकणारा माणूस बोलणाऱ्यानंच कल्पनेनं उभा केला होता!

त्यामुळे एआय वापरू नका, असं मी कुणालाच सांगत नाही. क्रम मात्र सांभाळा. आधी तुमच्या वेड्यावाकड्या दहा ओळी, मग हवं तर त्याची मदत. आलेला मजकूर वाचताना विचारा, यात फक्त मीच सांगू शकले असते असं काय आहे? काहीच नसेल तर अजून शोधा. आणि पालकहो, मुलानं ओबडधोबड चित्र दाखवलं तर त्याहून सुबक चित्र मोबाइलवर लगेच काढून दाखवू नका. हत्तीला पाच पाय का आहेत, ते विचारा.

तिनं लेख नव्यानं लिहिला. छोटाच आहे, दोन ठिकाणी वाक्यरचना अडखळते. कुणीतरी ती दुरुस्त करायला सुचवलं, तिनं तशीच ठेवली. ऑफिसचे मेल मात्र ती अजूनही एआयकडून लिहून घेते, आणि त्यात मला काहीच वावगं वाटत नाही.