वय खोटं सांगितलं, आता वसुलीचे मेसेज

प्रश्न : माझ्या १५ वर्षांच्या मुलाने जन्मसाल बदलून एका ॲपवर खातं उघडलं, हप्त्यावर हेडफोन मागवले. आता धमकीवजा मेसेज येतात. त्याच्यावर गुन्हा दाखल होईल का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, त्या मेसेजना घाबरू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, व्यक्ती करार करू शकत नाही. असा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिशकाळातील सर्वोच्च अपील न्यायालय) १९०३ मध्येच मोहोरीबीबी खटल्यात ठरवलं. वय न तपासता उधार देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. मात्र हेडफोन परत करा. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३३ नुसार न्यायालय मिळालेला लाभ परत करायला सांगू शकतं.

माझी काळजी वेगळीच आहे. अशा खात्याला सहसा पॅन लागतं. त्याने कोणाचं दिलं? वडिलांचं किंवा काकांचं दिलं असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी (66C, दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरणं) लागू शकतं : तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. मुलाचं वय पाहता प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, तुरुंगाचा प्रश्न नाही. तरी आजच त्याला जवळ बसवून, न रागावता विचारा. आणि कंपनीला त्याच्या जन्मदाखल्याची प्रत जोडून लेखी कळवा.