स्पीकर नंतर, आधी पंखे

प्रश्न: लातूरला आमची छोटी दालमिल आहे, पंधरा-वीस माणसं. दुपारनंतर कुणाच्याच अंगात जीव नसतो. मागं एक मोटिव्हेशनवाला स्पीकर पण बोलावला, दोन दिवस जोश राहिला आन् पुन्हा जैसे थे. काय करावं?

उत्तर: भाऊ, मे महिन्यात पत्र्याखाली मशिनजवळ दोन तास उभं राहून बघा की एकदा, तुमच्या तरी अंगात जीव राहील का! फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञानं १९५९ मधेच मांडलंय की पगार, कामाची जागा, साहेबाची वागणूक हे बिघडलं की माणूस नाराज होतो, पण ते नीट केलं म्हणून लगेच हुरूप येत नाही, हुरूप येतो तो कामाची दखल घेतली, जबाबदारी दिली की. म्हणजे आधी पंखे, गार पाणी, पगार ठरल्या तारखेला. ओव्हरटाईमचं 'बघू नंतर' चाललं असेल तर स्पीकरचे पैसे पाण्यात गेलेच समजा. मग पुढचं. डाळीत तुकडा जास्त पडायला लागला तर रोलर सेट करायची मुभा जुन्या ऑपरेटरला द्या ना, दरवेळी तुम्हाला फोन कशाला? आन् तुकडा कमी झाला की सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन सांगा. झापायचं असेल तर मात्र केबिनमधे.