-वॉल देऊनही वॉर्निंग नाही, म्हणून सगळीकडे '= ०' लिहावे का?

प्रश्न थोडक्यात असा: सी भाषेत 'इंट एक्स;' एवढेच डिक्लेरेशन, सुरुवातीची किंमत नाही, पुढे एका इफमध्ये 'एक्स = ५', शेवटी 'रिटर्न एक्स'. जीसीसी हा कंपायलर -वॉलवर (नेहमीच्या वॉर्निंग चालू करणारा पर्याय) गप्प, पण -ओ० (ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणारे बदल, बंद) आणि -ओ२ची (ते चालू) उत्तरे वेगळी.

सरसकट शून्य भरू नका. शून्य ही बहुतेक ठिकाणी खरी वाटणारी किंमत असते. इफ खोटा ठरला तर चूक राहतेच, फक्त दर वेळी तेच चुकीचे उत्तर येते. शिवाय व्हेरिएबलला किंमत मिळाल्यामुळे कंपायलर, व्हॅलग्रिंड (प्रोग्रॅम चालवून मेमरीच्या चुका शोधणारे साधन), कोणीच तक्रार करत नाही. शोधायची सगळी साधने आपणच बंद करून टाकतो.

जीसीसी गप्प का? ऑप्टिमायझेशन चालू असताना एका वाटेने ५ येतो आणि दुसरीकडून अनिश्चित किंमत. अनिश्चित म्हणजे काहीही चालेल, तेव्हा ५च धरू, असे तो ठरवतो आणि वॉर्निंगची तपासणी येईपर्यंत इफचा प्रश्नच उरत नाही. ही २००४ पासून नोंदलेली उणीव आहे. क्लँग हा दुसरा कंपायलर हे विश्लेषण ऑप्टिमायझेशनच्या आधी करतो, म्हणून त्याचा -वॉल 'समटाइम्स-अनइनिशियलाइज्ड' म्हणत नेमका कोणता इफ खोटा ठरल्यास गडबड होते तेही दाखवतो. एरवी जीसीसी वापरत असलात तरी क्लँगने एकदा कंपाइल कराच.

उलट बाजूही आहे. एकाच फ्लॅगवर (हो किंवा नाही सांगणाऱ्या व्हेरिएबलवर) किंमत भरली आणि पुढे त्याच फ्लॅगवर वापरली, तर जीसीसीची 'मेबी-अनइनिशियलाइज्ड' वॉर्निंग कधीकधी उगाच ओरडते. लिनक्स कर्नलने ती २०२० मध्ये नेहमीच्या बिल्डमधून काढली, ती याच कंटाळ्याने. अशा वेळी दोन्ही इफ एकत्र करा, वॉर्निंग दाबू नका.

स्टॅटिक विश्लेषण (प्रोग्रॅम न चालवता केलेली तपासणी) खरे अडते ते व्हेरिएबलचा पत्ता फंक्शनला दिल्यावर. इनपुट वाचणाऱ्या 'स्कॅनएफ'ला पत्ता दिला की कंपायलर किंमत भरली असेच धरतो, पण वाचन फसले तर व्हेरिएबल तसेच राहते. म्हणून रिटर्न व्हॅल्यू तपासा. अशा जागा पकडायला व्हॅलग्रिंड 'ट्रॅक-ओरिजिन्स=येस' (किंमत मुळात कुठून आली ते दाखवणारा पर्याय) सह चालवा. नुसत्या कॉपीवर तो बोलत नाही. त्या किमतीवर एखादा निर्णय ठरला की मगच बोलतो, त्यामुळे दाखवलेल्या ओळीपासून मागे जावे लागते. हेच काम करणारा मेमरी सॅनिटायझर जास्त वेगवान आहे, पण तो क्लँगचा, आणि सगळ्या लायब्ररी त्याच्यासह बिल्ड केल्या नाहीत तर खोटे इशारे देतो.

कोडमध्ये काय बदलायचे? डिक्लेरेशन पहिल्या किमतीजवळ आणा, एल्स स्पष्ट लिहा, आणि इनमवरच्या (ठरावीक नावांच्या यादीतल्या किमतींवरच्या) स्विचला डिफॉल्ट ठेवू नका, म्हणजे राहिलेली केस -वॉल दाखवेल.

ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डमध्ये जीसीसी १२ पासूनचा 'ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट=झिरो' (किंमत न दिलेल्या लोकल व्हेरिएबलमध्ये आपोआप शून्य भरणारा पर्याय) जरूर लावा. सोर्समध्ये '= ०' नसल्याने वॉर्निंग येत राहतात. व्हॅलग्रिंडच्या बिल्डमध्ये मात्र तो नको, नाहीतर तिथेही सगळे शून्य दिसेल.