मी हिंदू आहे. सिस्टर लोकांच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळतेय, घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.एड. झालंय, लग्नानंतर नगर जिल्ह्यात आलात, सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती नन, चालवतात अशा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठीच्या शिक्षिकेची जागा मिळतेय. सासूबाई म्हणतात, "हळूहळू बाटवतील." मैत्रीण म्हणते, पगार कमी आणि कामाचा पिट्टा. जावं की नाही?

जा. याच जिल्ह्यातल्या अशाच एका शाळेत मी 17 वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलाय, त्या भरवशावर सांगते. मात्र सासूबाईंना ज्याची धास्ती आहे त्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीला तुम्हाला जपावं लागेल. तिथवर येतेच, पण आधी धर्माचं बोलते, कारण तुमची झोप त्यानंच उडाली असणार.

माझा पहिला दिवस जूनमधला. मैदानात चिखल, म्हणून असेंब्ली व्हरांड्यात. प्रार्थना सुरू झाली तशी थोड्या मुलांनी कपाळ, छाती, दोन्ही खांदे अशी क्रूसाची खूण केली, बाकीच्यांनी नुसते हात जोडले. मी हात अर्धवट वर नेला आणि तसाच ठेवला. जोडू की नको? न जोडले तर उर्मट दिसेल, जोडले तर घरी काय सांगू? शेजारी एक वयस्कर सिस्टर उभ्या होत्या. समोरच बघत त्या हळूच म्हणाल्या, "टीचर, नुसत्या उभ्या राहा. तिसऱ्या रांगेतलं ते पोर चक्कर येऊन पडणार बहुतेक, त्याच्याकडे लक्ष द्या." पोर खरंच पांढरं पडलं होतं. सकाळी उपाशीपोटी आलेलं. मी त्याला धरून बाजूला बसवलं आणि प्रार्थना कधी संपली ते कळलंसुद्धा नाही.

त्यानंतरच्या 17 वर्षांत मला कुणी 'तुम्ही हात का जोडता' असंही विचारलं नाही आणि 'का जोडत नाही' असंही नाही. माझ्या गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला टिकली होती. आठवड्यातून ठरलेल्या तासाला ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला, म्हणजे कॅटेकिझमला, एका वर्गात जायची आणि बाकीच्यांना मी मूल्यशिक्षण शिकवायची. नेमलेल्या पुस्तकात खोटं बोलू नये, आजीआजोबांना मान द्यावा असले धडे होते.

कायद्याचंही सांगून ठेवते. संविधानाच्या 28व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय (लहान मूल असेल तर पालकांच्या संमतीशिवाय) धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. नाशिकमध्ये एका शिक्षकानं प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून शाळेनं त्याची वरची वेतनश्रेणी अडवली होती. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निकाल त्या शिक्षकाच्या बाजूनं दिला. ती शाळा ख्रिस्ती नव्हती, पण मुद्दा तोच.

आणि आपल्या जिल्ह्यात तर हे परकं मानण्यासारखं काहीच नाही. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची, म्हणजे येशूच्या आईची, मारियेची, यात्रा भरते, तिथं नवस बोलायला हिंदू बायकाही जातात. यात्रेनंतरच्या सोमवारी आमचे वर्ग अर्धे रिकामे असायचे. रेव्हरंड ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि नंतर नगरलाच राहून त्यांनी येशूवर अभंग लिहिले. एकदा मराठी भाषा गौरव दिनाला मी त्यांचा एक अभंग मुलांकडून टाळमृदंगावर बसवून घेतला. पाठीमागच्या खुर्च्यांवर खेड्यातले ख्रिस्ती पालक होते, ते डोळे मिटून बरोबर म्हणायला लागले. पुढच्या रांगेतले हिंदू पालक मला नंतर विचारत होते, हा तुकोबांचा कुठला अभंग?

तुमचा विषय मराठी आहे म्हणून यापुढचं जरा सविस्तर. 2020 च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झालीये. म्हणजे विषय कुठे जात नाही. मान मात्र मिळवावा लागतो. आमच्याकडे एक काळ असा होता की मधल्या सुट्टीत मराठी बोलताना पकडलं तर एक रुपया दंड. पाचवीतल्या एका मुलीनं पायरीवरून पडल्यावर "आई गं" म्हटलं आणि मॉनिटरनं तिचं नाव लिहिलं. तिचा ढोपराजवळचा मोजा रक्तानं भिजला होता आणि ती रडत होती ती रुपयासाठी. मी ती यादी घेऊन तडक ऑफिसात गेले. प्रिन्सिपल सिस्टर केरळच्या. त्यांना म्हटलं, सिस्टर, फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्याला आले, मराठी शिकले आणि 1616 मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून आलं. चारशे वर्षांपूर्वी एका जेझुइट पाद्र्याला येशूची गोष्ट सांगायला मराठी चालली, मग आपल्या पोरीला रडायला का चालू नये?

त्या बराच वेळ गप्प होत्या. दंड त्या आठवड्यातच बंद झाला. आणि महिन्याभरानं त्यांनी मला बोलावून तिसरीचं बालभारती पुढ्यात ठेवलं, "मला शिकवा." रोज शाळा सुटल्यावर वीस मिनिटं. त्यांचा 'ळ' इतका स्वच्छ की आमच्या पुण्याच्या भाच्यांना ऐकवावा, कारण मल्याळममध्ये तो रोजचाच. 'चहा' मात्र शेवटपर्यंत 'च्यहा'च राहिला. वर्षअखेरीस पालकसभेत त्या दहा मिनिटं मराठीत बोलल्या. एक उसतोड मुकादम माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, आज पहिल्यांदा सगळं समजलं."

आता ज्याला जपायचं ते. या सिस्टर दोन वर्षांनी बदलून गेल्या.

मला तुम्हाला सांगायचंय ते हेच. सिस्टरांची बदली त्यांच्या धर्मसंघाकडून येते, बहुधा मे महिन्यात, आणि त्या चार कपडे घेऊन निघतात. आपल्याला कळतं तेव्हा त्यांची बॅग भरलेली असते. मोठे निर्णय स्टाफरूममध्ये होत नाहीत, कॉन्व्हेंटच्या, म्हणजे सिस्टर राहतात त्या घराच्या, दाराआड होतात, आणि आपण कितीही वर्षं काढली तरी त्या दाराच्या अलीकडेच असतो. यात कुणाचा दुष्टावा नाही, त्यांची व्यवस्थाच तशी आहे. पण त्यामुळे शाळेत जे जे चांगलं चालतं ते एकेका माणसाच्या जिवावर चालतं, कागदावर फार थोडं उतरतं. माणूस गेलं की तेही जातं.

माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे, अपघातात गेले. त्या केरळच्या सिस्टर संध्याकाळी स्कूटीवर त्याच्या घरी जाऊन आल्या आणि त्याची फी माफ केली. मला म्हणाल्या, वर्गात कुणाला कळता कामा नये. फीच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढं पेन्सिलीनं एक बारीक फुली केली, बस. जूनमध्ये नव्या सिस्टर आल्या. ऑगस्टमध्ये क्लार्क थकबाकीची यादी घेऊन वर्गात आला आणि नावं वाचली. तो मुलगा उभा राहिला. कंपासपेटीचं झाकण तो उघडत होता, लावत होता, उघडत होता. बाकी वर्गात आवाज नाही. मी क्लार्कच्या हातातली यादी घेतली, पण नाव वाचून झालं होतं.

नव्या सिस्टरांना काहीच माहीत नव्हतं. रजिस्टर उघडून मी ती फुली दाखवली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. त्याच दुपारी त्या स्वतः त्याच्या आईकडे गेल्या, माफी मागितली, फी माफच राहिली. मुलगा चार दिवसांनी शाळेत आला, पण पहिल्या बाकावर परत कधी बसला नाही. चूक माझीही होती. मला ठाऊक होतं, आणि नव्या सिस्टर आल्या त्या दिवशी मी जाऊन सांगायला हवं होतं. त्यानंतर मी एक वही केली. कुणाची फी माफ आहे, कुणाला फिट येते, कुणाच्या घरात भांडणं आहेत, कुणाला बाप न्यायला आला तर सोडायचं नाही. दर बदलीनंतर पहिल्या आठवड्यात ती वही घेऊन मी ऑफिसात जाऊन बसायची. तुम्ही पहिल्या वर्षापासून करा.

स्वतःच्या नोकरीचंही तसंच. "सिस्टरांनी शब्द दिलाय" यावर राहू नका, कारण शब्द देणाऱ्या पुढच्या मे महिन्यात कदाचित झारखंडात असतील. लेखी नियुक्तिपत्र मागा. कायम रिक्त जागा आहे की तात्पुरती, हे त्यात लिहिलेलं हवं. राज्यातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळांना 1977 चा सेवाशर्तींचा कायदा लागू आहे, विनाअनुदानित शाळाही त्यातून सुटत नाहीत. अल्पसंख्याक शाळांना त्यात मुख्याध्यापक आणि जास्तीत जास्त तीन जण नेमण्यापुरती सूट आहे, तुम्ही त्या सुटीत बसवल्या जात नाही ना तेवढं विचारा. विनाअनुदानित शाळेत कायम जागेवर नेमणूक असेल तर दोन वर्षांचा परिवीक्षा काळ (प्रोबेशन). काढून टाकलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करायचं असतं, हे दिवस रडण्यात घालवू नका. पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी लागू होते. शिक्षकांना ती मिळते, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते कायम केलंय. आणि सही एका आकड्यावर, हातात दुसरा आकडा, असं कुणी सुचवलं तर तिथेच थांबा, शाळा कुठल्याही धर्माची असो.

पगाराचं तुमच्या मैत्रिणीनं सांगितलं त्यात तथ्य आहे. विनाअनुदानित शाळेत तो कमीच असतो, आणि तो वाढवून मागणं इथं जड जातं त्याला एक कारण आहे. सिस्टरांनी निर्धनतेचं व्रत घेतलेलं असतं, त्यांचा पगार त्यांच्या संघाकडे जातो. गृहकर्जाचा हप्ता, मुलाच्या क्लासची फी ही काळजी त्यांच्या आयुष्यात नसते. मी पहिल्यांदा बोलले तेव्हा सिस्टर मनापासून म्हणाल्या, "सेवा आहे ही, टीचर." मी घरखर्चाची वही नेऊन दाखवली. किराणा, दूध, गॅस, दवाखाना. त्यांनी ओळ न् ओळ वाचली. वाढ झाली, मागितली त्याच्या निम्मी. पण पुढच्या वर्षीपासून आम्हा सगळ्यांनाच झाली.

काम भरपूर आहे. वह्या नीट तपासल्या आहेत का हे खरोखर बघितलं जातं, लेसन प्लॅन सोमवारी सकाळी टेबलावर लागतो, आणि दिवाळीची सुट्टी आमच्याकडे तोडून थोडी नाताळला जोडलेली असायची. गौरीच्या दिवशी चाचणी परीक्षा आली तर रजेचा अर्ज महिनाभर आधी द्या, मिळते. मला दोनदा नाही मिळाली, दोन्ही वेळा अर्ज आदल्या दिवशी दिला होता.

सासूबाईंना नाताळच्या कार्यक्रमाला घेऊन जा, समजावण्यात वेळ घालवू नका. माझ्या सासूबाई आल्या, बाळ येशूच्या गव्हाणीच्या देखाव्यासमोर थांबल्या आणि सिस्टरांना रागावल्याच, "एवढ्या थंडीत लेकरू उघडं ठेवलंय." घरी आल्यावर बाटवण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

नियुक्तिपत्र हातात आलं की शाळेचं आणि तुमचं नाव झाकून मजकूर इथं टाका. सही करण्याआधी टाका. मी वाचून सांगते.