‘चर्च म्हटलं की ह्यांना तिडीक येते’

“मॅडम, एखाद्या धर्माचा माणसाला इतका राग येतो, हा आजार असतो का हो?”

गोव्यातल्या फोंड्यात समुपदेशन करताना हा प्रश्न मला अधूनमधून ऐकावा लागतो. कधी आई मुलाबद्दल विचारते, कधी सून सासऱ्यांबद्दल, कधी माणूस स्वतःबद्दलच, तेही निघता निघता, चपला घालताना. उत्तर आधीच सांगून टाकते: आजार नाही. धर्मसंस्थेवर राग असणं हे कुठल्याही मानसिक विकाराचं निदान नाही, आणि तो राग दर वेळी अनाठायी असतो असंही नाही. काळजीचं कारण तेव्हा, जेव्हा तो झोप खातो, घरातल्या बोलण्याचा ताबा घेतो आणि लहान मुलांच्या कानापर्यंत पोचतो.

या प्रकरणात तो पोचला होता. नवऱ्याला आपण सुहास म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. वय पस्तिशीचं, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात. बायको कुडाळची. घेऊन आली तीच. निमित्त नाताळचं. शेजारच्या आंटीकडून दरवर्षीसारखं ताट आलं होतं: नेवऱ्या, दोदोल, बिबिंकचे काप, वर क्रोशाचा रुमाल. चवथीला ह्यांच्याकडून तिकडे लाडू-करंज्या जातात, दिवाळीला फोव. या वेळी सुहासने ताटातलं सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं आणि ताट रिकामं परत केलं. चिमूटभर साखरसुद्धा घातली नाही, हे बायकोने मला दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाच वर्षांची लेक कुंपणापाशी जाऊन आंटीला विचारती झाली, “तुमच्या नेवऱ्यांत काय घालता? बाबा म्हणाले, खायच्या नाहीत.”

वर शाळेचा वाद होताच. घराजवळची चांगली शाळा चर्चची. बायकोला तिथे नाव घालायचं होतं. सुहासचं म्हणणं, माझी मुलगी त्या फाटकातून आत जाणार नाही.

पहिल्या भेटीत तो तयारीनिशी आला. पोर्तुगीज आल्बुकेर्कने गोवा घेतला ते १५१० साल, इन्क्विझिशन (धर्मद्रोहाच्या संशयावरून खटले चालवणारं चर्चचं न्यायालय) सुरू झालं ते १५६०, पाडलेली देवळं, कोकणीवर बंदी घालणारा १६८४ चा हुकूम. मग थेट अमेरिका: बोस्टनच्या वृत्तपत्राने २००२ मध्ये उघड केलेली पाद्र्यांची बालशोषणाची प्रकरणं आणि ती झाकणारे वरिष्ठ. शेवटी म्हणाला, “आणि आमची देवळं काय वेगळी आहेत? सगळी दुकानंच.” बायकोने मान डोलावली. तो जत्रेलाही जात नाही.

मी वाद घातला नाही. घालण्यासारखं फारसं नव्हतंही. त्याने सांगितलेलं बहुतेक खरं होतं. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देस आणि साष्टीतली देवळं पाडली गेली, म्हणून तर मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. आमच्या फोंडा महालातल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. कुलदैवताच्या गोष्टीतच ते येतं. समुपदेशनात एक वाईट खोड असते. समोरचा इतिहासाबद्दल बोलू लागला, की “ते जाऊ दे, तुमच्या लहानपणाबद्दल सांगा” म्हणायचं. मला ती पद्धत उद्धट वाटते. ज्याचं दुःख चारशे वर्षांपूर्वीचं आहे त्यालाही ते नीट, पुराव्यानिशी मांडायचा हक्क आहे.

पण नीट मांडायचं म्हणजे काय, तेही त्याच्याच कामातून निघालं. त्यांच्याकडे औषधाबद्दल तक्रार आली की आधी काय बघतात, असं मी विचारलं. म्हणाला, “बॅच नंबर. बॅच नंबर नसेल तर तपास सुरूच करता येत नाही.” म्हटलं, मग तुमच्या या सगळ्या तक्रारींचे बॅच नंबर लिहून आणा. काय घडलं, कधी, कोणी केलं, कोणी भोगलं, मी तिथे होतो का.

पुढच्या खेपेला तो छापील तक्ता घेऊन आला. कंपनीच्या फॉर्मसारखाच, कडेला सहीची जागासुद्धा.

इन्क्विझिशनच्या ओळीत ‘कोणी केलं’ खाली होतं: पोर्तुगीज राजसत्ता आणि चर्च. ‘कोणी भोगलं’ खाली: हिंदू. तिथे मी थांबवलं. इन्क्विझिशनची सत्ता मुख्यतः चालायची ती बाप्तिस्मा घेतलेल्यांवर. हिंदूंवर बंधनं होती, त्यांच्यावरही खटले झाले. पण संशयाने पकडले जाणारे जास्त करून नवे ख्रिस्ती असत. १७३६ च्या फर्मानात दारात तुळस लावायला मनाई आहे, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायला मनाई आहे, हिंदूंसारखा अळणी भात शिजवायलाही मनाई आहे. भातात मीठ घातलं की नाही हे बघायला कोणीतरी चुलीपर्यंत येतंय, असं घर डोळ्यापुढे आणा. ते घर तुमच्या आंटीच्या खापरपणज्यांचं असण्याची शक्यता जास्त.

त्याला पटलं नाही. फर्मान खरंच तसं आहे का, हे त्याने अ. का. प्रियोळकरांच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात स्वतः शोधलं. आमच्या शेजारच्या प्रियोळचेच ते, म्हणून विश्वास ठेवला असावा. नंतर तक्त्यात त्याने दुरुस्ती केली: ‘हिंदू आणि नवख्रिस्ती’. मग स्वतःहून आणखी खोल गेला. १७८७ चं पिंटोंचं बंड इथल्याच पाद्र्यांच्या पुढाकाराने शिजलं, कारण गोरे नसल्याने त्यांना वरच्या जागा मिळत नव्हत्या. पोर्तुगिजांविरुद्ध उभे राहिलेले त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा चांदरच्या ख्रिस्ती घरातले. फोंडा महाल पोर्तुगिजांकडे गेला तो १७६३ मध्ये, तोपर्यंत धर्मांतराचा जुना जोर ओसरला होता. इन्क्विझिशन मधली काही वर्षं बंद राहून १८१२ मध्ये कायमचं संपलं. यातलं काहीही देवळं पाडणाऱ्यांचा दोष कमी करत नाही. फक्त ‘ते’ म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवायचं, तो गठ्ठा सुटतो.

एक ओळ शाळांच्या अनुदानाची होती, आणि ती गोव्यातल्या मराठीवाल्यांच्या घरोघरी सापडेल. सुहास स्वतः मराठी शाळेत शिकला. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय घेतला, त्याचा मोठा लाभ चर्चच्या शाळांना झाला, आणि भाषाप्रेमी रस्त्यावर उतरले. २०१२ नंतरच्या सरकारनेही ते अनुदान चालू ठेवलं. राग समजण्यासारखा आहे, पण तो शिक्षण धोरणावरचा आहे. त्याला मतपेटी आहे, मोर्चा आहे, कोर्ट आहे. तो आंटीच्या ताटावर काढता येत नाही.

आणि शेवटून दुसरी ओळ. ‘मी तिथे होतो का’ या रकान्यात बाकी सगळीकडे ‘नाही’, इथे ‘होय’. आठवी, पावसाळा. माध्यमिकला तो चर्चच्याच शाळेत गेला होता. शिक्षक दिनासाठी वर्गाने गोळा केलेले पैसे हरवले, संशय त्याच्यावर आला. मुख्याध्यापक पाद्री होते. त्यांनी त्याला सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे उभं करून माफी मागायला लावली. पुढे पैसे कार्यालयातल्या एका हजेरीपटात सापडले. त्याबद्दल व्यासपीठावरून कोणी चकार शब्द काढला नाही. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, “फादर सांगता म्हणल्यार तशेंच आसतलें.”

शेवटची ओळ देवळाची. पालखी निघताना महाजनांपैकी कोणीतरी वडिलांना “तुमी फाटीं रावात” म्हणाले, आणि वडील निमूटपणे मागे सरकले. गोव्यातल्या देवळांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीजकालीन देवस्थान नियमनाखाली महाजनांकडे आहे. महाजन कोण हे बहुतेक ठिकाणी घराण्यावर ठरतं. म्हणजे कागदावर संस्था दोन, अनुभव एकच. आणि दोन्हीकडे वडील मान खाली घालून.

इथे माझं मत ठाम आहे. आठवीतल्या त्या सकाळीमुळे त्याचा इन्क्विझिशनवरचा राग खोटा ठरत नाही. “खरा राग वडिलांवरच होता” असं म्हणून फाइल बंद करणं सोपं होतं. मग तो इतिहासही खोटा पडला असता आणि ती सकाळही. दोन्ही खऱ्या. अडचण एवढीच, की त्या सकाळीची तक्रार कोणी कधी नोंदवून घेतली नव्हती, म्हणून ती भारदस्त तक्रारींच्या आडोशाला बसली होती. चारशे वर्षांपूर्वीच्या व्हाइसरॉयला जाब विचारता येत नाही. शाळेला विचारता येतो.

असे राग एका जातीचे नसतात. ज्युली एक्सलाइन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये धार्मिक घालमेल मोजण्यासाठी एक प्रश्नावली मांडली, तीत देवावरचा राग, धर्मातल्या माणसांकडून झालेली दुखापत, स्वतःच्या पापपुण्याची टोचणी, श्रद्धेबद्दलची शंका, जगण्याला अर्थ नसल्याची भावना आणि दुष्ट शक्तीची भीती असे वेगवेगळे कप्पे आहेत. बाहेरून सगळं एकच दिसतं: माणूस चर्चला किंवा देवळाला शिव्या घालतो. आत कप्पा वेगळा असला की उपायही वेगळा लागतो.

माझ्याकडे चर्चबद्दल सर्वांत कडवट बोलतात ते कॅथलिक घरांतलेच लोक. लग्न मोडलेली बाई, जिला घरच्या संकटात सल्ला मिळाला तो सहन करण्याचा. फेस्ताच्या मिरवणुकीत मान कोणाचा यावरून जातीचा टोमणा खाल्लेला माणूस; धर्म बदलून चार शतकं झाली, पण बामण-चाड्डी-सुदीर तिथेही सुटलेले नाहीत. आणि काही थोडे, ज्यांना लहानपणी खरोखर अत्याचार सोसावा लागला. त्यांच्याशी मी क्षमेचा विषय काढत नाही; काढायचा तर त्यांनी काढावा. आज एखाद्या बालकावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग करणारा पाद्री असो, पुजारी असो की काका. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ हे कारण तिथे चालत नाही.

सुहासने शाळेला पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात वास्को द गामापासून सुरुवात होती. ती आम्ही काढली. राहिलं ते एक पान: घटना, वर्ष, काय झालं, नंतर पैसे कुठे सापडले, आणि मागणी एवढीच, की चूक झाली होती असं लेखी द्यावं. उत्तर आलं दोन ओळींचं. तक्रारीची नोंद घेतली आहे, संबंधित मुख्याध्यापक हयात नाहीत. तो वैतागला. म्हणाला, “याला आम्ही कापा म्हणत नाही.” कापा म्हणजे चूक दुरुस्त करून ती पुन्हा होऊ नये म्हणून केलेली तजवीज, त्यांच्या खात्यात त्यावाचून तक्रार मिटत नाही. मग दुसरं पत्र गेलं: आज एखाद्या मुलावर चोरीचा आळ आला तर त्याचं म्हणणं कोण ऐकतं, ते कळवावं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

आंटीकडे तो स्वतः गेला. बायकोने पाठवलं असं तो म्हणतो. काय बोलला ते मला ठाऊक नाही, आंटी काय म्हणाली ते मात्र त्याने हसत सांगितलं: “म्हजो घोव पाद्रीचें तोंड पळयनाशिल्लो, बाबा. तूं किदें सांगता म्हाका.” म्हणजे, माझा नवरा पाद्र्याचं तोंडही बघत नसे, तू मला काय सांगतोस. वडिलांचा विषय आम्ही अजून पुरता उघडलेला नाही. ते थकलेत, आणि त्यांच्याशी कुठल्या तोंडाने बोलायचं हे सुहासला कळत नाही. मी घाई करत नाही. जत्रेला जायला त्याचा आजही नकार आहे, त्यालाही माझा आग्रह नाही. देवळात जाणं हे काही बरं झाल्याचं लक्षण नव्हे.

शाळेच्या वादात मी एवढंच केलं, की दोन भीती वेगळ्या काढल्या. मुलीला बळजबरीने प्रार्थनेला बसवतील ही एक. त्यावर राज्यघटनेच्या कलम २८ चा तिसरा खंड स्पष्ट आहे: मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. हे कलम वाचल्यावर सुहास बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “म्हणजे तो मुद्दा गेला. पण मराठीचा राहिलाच.” ती दुसरी. शेवटी प्रवेश गावच्या मराठी शाळेत झाला, धर्माच्या नव्हे तर माध्यमाच्या कारणावरून. बायकोला ते मुळीच मान्य नाही. तिच्या मते इंग्रजीशिवाय मुलीचं नुकसान होणार, आणि पुढच्या खेपेला दोघं त्यावर भांडायला येणार आहेत.