शंभर पानी वही

गड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी मैदानावर कोन मांडत होतो, नीट बोलता आलं नाही. म्हणून रात्री लिहितोय.

सव्विसाव्या वर्षी पाचवा फुटबॉल क्लब, तोही एका सीझनपुरता. आई म्हणाली, एका जागी टिकत का नाहीस, आणि तुला उत्तर सुचलं नाही. आपल्या कोल्हापुरात तर पोरानं तालमीचा संघ बदलला तरी पेठभर चर्चा होते. एका क्लबनं मला सोडल्याचं मी हॉस्टेलच्या दारावरच्या यादीत वाचलं. यादीत माझं नाव नव्हतं, एवढंच. त्या दिवशी मेसमध्ये अंडाकरी होती. मी दोनदा घेतली. उद्यापासून जेवण बंदच होतं.

कोच ओवेन कॉइल तुला इंडियन सुपर लीगमधल्या चेन्नईयन आणि जमशेदपूरमुळे माहीत आहे. खेळाडू म्हणून तोही आपल्यासारखाच फिरता स्ट्रायकर. स्कॉटलंडमधल्या पेझलीचा. डंबार्टन, क्लाइडबँक, एअरड्री, बोल्टन, डंडी युनायटेड, मदरवेल, डनफर्मलिन, फॉल्कर्क. एका दमात म्हणून दाखव. आयर्लंडकडून एकच मॅच, १९९४ साली नेदरलँड्सविरुद्ध, तीही बदली म्हणून. १९९५ ला वेम्ब्लीवर वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीच्या प्ले-ऑफ फायनलमध्ये बोल्टन रेडिंगविरुद्ध ०-२ मागे होतं. पंचाहत्तराव्या मिनिटाला कॉइलनं हेडरवर बोल्टनचा पहिला गोल केला, बोल्टन ४-३ जिंकून प्रीमियर लीगमध्ये गेलं. आणि काही महिन्यांत कॉइल डंडी युनायटेडला! ते तेव्हा खालच्या डिव्हिजनमध्ये होते. तिथंही १९९६ च्या प्ले-ऑफमध्ये जादा वेळेत गोल करून त्यानं त्यांना वर काढलं.

कोच म्हणून २००९ ला त्यानं बर्नलीला तेहतीस वर्षांनी सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं आणि पुढच्या जानेवारीत भर सीझनमध्ये सोडून बोल्टनला गेला. बर्नलीच्या लोकांनी त्याला शिव्या दिल्या. मलाही ते पटलेलं नाही. पण क्लब खेळाडूला सोडतो तेव्हा कुणी काही विचारत नाही, हेही खरं. पुढे बोल्टन खाली घसरलं, विगनमध्ये तो सहा महिनेच टिकला. डिसेंबर २०१९ मध्ये चेन्नईयनला आला तेव्हा संघ तळाजवळ होता. जवळपास त्याच पोरांना घेऊन मार्चमध्ये तो गोव्यातल्या फातोर्ड्याला फायनल खेळला. कोरोनामुळे स्टेडियम रिकामं, कोलकात्याच्या एटीकेकडून १-३ हार. दोन वर्षांनी जमशेदपूरला लीग शील्ड, म्हणजे गुणतक्त्यात पहिलं येणाऱ्याची ढाल, मिळवून दिली.

परक्या ड्रेसिंगरूममध्ये शिरून चार दिवसांत माणसं ओळखणं त्याला नवं नव्हतं. जन्मभर तेच केलं होतं. तूही करतोयस, फक्त लिहून ठेवत नाहीस.

माझ्या जुन्या वहीत एक पान आहे: 'कोचनं अकरा नावं वाचली, फाइल मिटली. आम्हा सात जणांकडे बघितलंसुद्धा नाही.' आज मी स्वतः कोच आहे, तर टीम सांगायच्या आधी बाहेर बसणाऱ्यांशी बोलतो, एकेकट्याला बाजूला घेऊन. दुसरं पान बसमधलं. शेजारी बसलेला म्हातारा स्टॉपर, म्हणजे बचावातला खेळाडू, म्हणाला, 'तुम्ही फॉरवर्ड आमच्या पायांकडं बघता. कमरेकडं बघा. कंबर ज्या बाजूला उघडी, त्याच्या उलट बाजूनं पळा, आम्हाला वळायलाच वेळ लागतो.' कुठल्या कोचनं मला एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं. तिसऱ्या क्लबला गेलो नसतो तर तो भेटलाही नसता.

आपले गोल लिहू नकोस, ते पेपरवाले लिहितील. नाही लिहिले तरी चालतंय. सराव कसा मांडला, हाफ टाइमला कोण काय बोललं, हरल्यावर बसमध्ये पहिलं तोंड कुणी उघडलं, हे लिही.

आणि कोचिंगचं डी लायसन्स याच ऑफ सीझनला कर, गुडघा कुरकुरायला लागायची वाट बघू नकोस. मी छत्तिसाव्या वर्षी गेलो, बावीस वर्षांच्या पोरांत. प्रॅक्टिकलला शिट्टी मारून खेळ थांबवला आणि लागलो की समजावायला. परीक्षकानं घड्याळ पुढं केलं, 'बॉल थांबून चार मिनिटं झाली.' मैदानावरची पोरं तोपर्यंत गवत उपटत बसली होती.

वही शंभर पानीच घे, मोबाईलमध्ये लिहू नकोस. मीटिंगच्या आधी मोबाईल जमा करून घेतात.

पोचलास की मेसमध्ये काय मिळतं ते कळव.

तुझा,
जुना नऊ नंबर